आबांच्या फोनला जोडलेलं कोणी

धनश्रीचं काम असं होतं की दिवसभर आभाळातून खाली बघायचं.

राहू गावाच्या थोडं बाहेर, नदीच्या अंगाला त्यांची वस्ती. चार खोल्यांचं सिमेंटचं घर आणि मागल्या खोलीत खिडकीशी एक टेबल. टेबलावरचा लॅपटॉप उघडला की समोर कुठल्यातरी अनोळखी मुलखातली शेतं येत. उपग्रहानं काढलेली चित्रं होती ती. धनश्रीनं प्रत्येक शेताच्या बांधावरनं रेघ ओढत जायचं, विहीर दिसली की टिंब द्यायचं, झाड दिसलं की त्याभोवती गोल करायचा. पुण्यातली एक कंपनी हे काम घरी देत असे. यंत्राला शेत ओळखायला शिकवतात म्हणे, एवढंच कंपनीतल्या सुषमा मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. धनश्रीनं जास्त विचारलं नाही. तिला ते काम आवडून गेलं होतं.

काही शेतं गोल असत, परातीत थापून ठेवल्यासारखी. काही इतकी अरुंद आणि लांब, की दोरीवर वाळत घातलेल्या धोतरांसारखी दिसत. बांधावरनं रेघ नेता नेता तिला वाटायचं, आपण खरंच त्या बांधावरनं चाललोय, पायाखाली ढेकळं फुटतायत, आणि पलीकडं कुणीतरी आपल्याला न कळणाऱ्या भाषेत बैलांना हाकारतंय. आई चहाचा कप ठेवून जाई तेही तिला उशिरा कळे. चहावर साय धरलेली दिसली की मग ती राहूला परत येई.

पौषातले दिवस होते. सकाळी नदीवरनं उठलेलं धुकं उसात शिरून बसायचं आणि ऊन चांगलं वर आल्याशिवाय निघायचं नाही. उसाला तुरे आले होते. आसपासची गुऱ्हाळं पेटलेली, त्यामुळं हवेला उकळत्या रसाचा वास लागून राहिलेला. खिडकीबाहेर रुपेरी तुरे डुलत आणि पडद्यावर परक्या मुलखातली हिरव्या-तपकिरी चौकटी. दोन्हींच्या मध्ये बसलेल्या धनश्रीला कधी कधी कळेनासं होई, आपण नक्की कुठं आहोत ते.

आणि अशातच नेट जायचं.

रेघ अर्ध्यावर आलेली असे. चित्र गढूळ होई, मग राखाडी होई, आणि ओढलेली रेघ पाण्यावर काढल्यासारखी पुसून जाई. धनश्री उठून पुढच्या खोलीत धावे, राउटर बंद करून चालू करी, त्याचे हिरवे दिवे एकामागून एक लागेपर्यंत त्याच्यापुढं उभी राही. परत येऊन बघावं तर कधी नेट आलेलं असे, कधी नसे. नसलं की खिडकीतून बाहेर बघत बसण्यावाचून करण्यासारखं काही नव्हतं. बाहेर ऊस, उसाच्या अलीकडं मेंढरं कोंडायचं जुनं दगडी वाडगं, आणि वाडग्याच्या भिंतीवर बसलेले आबा, तिचे वडील. हातात फोन धरून काहीतरी बघत बसलेले. थोड्या वेळानं नेट आपोआप परत येई.

दिवाळीला दारात फायबरची तार आली आणि धनश्रीनं मागली खोली कामासाठी घेतली, तेव्हापासून हे असं चाललं होतं.

आई, सखूबाई, म्हणाली, "ऊस वाढलाय नव्हं. त्यात अडकत आसंल."

"आई, ते तारेतनं येतं. हवेतनं न्हाई."

"मग त्या डबड्यापसनं तुझ्या मशीनीपातूर कशातनं येतं?"

ते मात्र हवेतनंच येत होतं. धनश्रीनं राउटर मधल्या खोलीत आणला. फरक पडला नाही. खुर्ची इकडची तिकडं केली. विहिरीवरची मोटर चालू झाली की वीज दबते, त्यानं होत असेल म्हणून मोटर बंद ठेवून पाहिली. मोटर बंद असतानाही नेट गेलं.

तार जोडून देणारा सतीश राहूतलाच. तो मोटरसायकलवरनं आला, चपला दाराबाहेर काढून आत आला आणि तारेचं टोक उपसून एका छोट्या यंत्राला लावून बघितलं.

"ताई, लाइन चोख हाय," तो म्हणाला. "तुमच्या मोबाईलला नेट येतंय न्हवं?"

"येतंय. लॅपटॉपचं जातं तवाबी मोबाईलला असतंय."

"मग दोष मशीनीचा. माझ्याकडनं काय न्हाई." तरीही त्यानं बाहेर खांबावर चढून एक जोड बदलला, चहा घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर आबा वाडग्याकडं गेले, धनश्रीनं एका लांबलचक शेताला हात घातला, आणि नेट गेलं.

सुषमा मॅडमचा फोन आला. बाई चांगल्या होत्या, पण थकलेल्या. "धनश्री, तुझं अर्धं काम आमच्यापर्यंत पोहोचतच नाहीये. असंच राहिलं तर मला दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल गं."

तेव्हा धनश्रीनं लॅपटॉप ओढणीत गुंडाळून पिशवीत घातला आणि शिरूरचा रस्ता धरला. पारगावचा पूल ओलांडताना भीमेचं पाणी धुक्याखाली झाकलेलं होतं. एसटी जणू ढगावरनंच चालली होती. न्हावऱ्याच्या पुढं ऊन पडलं आणि मुलूख कोरडा होत गेला.

शिरूरला राजश्रीचं दुकान. दोघी कॉलेजात एका बाकावर बसलेल्या. राजश्रीनं पुढं संगणकाचा कोर्स केला, काही वर्षं सणसवाडीच्या एका कारखान्यात संगणक सांभाळले आणि मग घराच्या ओट्याला लागूनच 'तक्षशिला कॉम्प्युटर्स' अशी निळी पाटी लावली. तिनं लॅपटॉप उघडला, आपल्या नेटला जोडला आणि धनश्रीपुढं सरकवला.

"कर तुझं काम. मी बघते."

धनश्री दुपारपर्यंत रेघा ओढत बसली. नेट एकदाही गेलं नाही. राजश्रीची आई भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन आली, तिघी जेवल्या, धनश्री परत बसली. तरी नाही.

"आजारी माणसाला डॉक्टरपुढं बरं वाटतं तसलं हाय हे," धनश्री म्हणाली.

राजश्री हसली नाही. ती विचारात पडली होती. "मशीन ठीक हाय. लाइन ठीक हाय. म्हंजी तुझ्या घरात तिसरं काहीतरी हाय. जातं तवा तू काय करतीस?"

"राउटरकडं पळते."

"हितंच चुकतं. पुढच्या वेळी जागची हलू नकोस. हितं खाली कोपऱ्यात पंख्यासारखी खूण हाय न्हवं, तिच्यावर दाब आन् नाव वाच. कशाला जोडलंय ते तिथं लिहिलेलं असतं."

"माझ्याच राउटरला असणार."

"वाच तर खरं."

दुसरा दिवस धुक्याचा उगवला. धनश्री नेहमीसारखी बसली. समोर एक डोंगरउतार होता, पायऱ्या पायऱ्यांची शेतं, प्रत्येक पायरी नखाएवढी. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर चित्र गढूळ झालं. पाय सवयीनं उठू लागले होते, ते तिनं धरून ठेवले. कोपऱ्यातल्या खुणेवर दाबलं.

तिच्या राउटरचं नाव खाली गेलं होतं. वर दुसरंच नाव होतं, आणि लॅपटॉप त्याला जोडला गेला होता. त्या नावाखाली लिहिलं होतं, जोडलेले, इंटरनेट नाही.

नाव होतं 'मल्हार'.

धनश्री त्या अक्षरांकडं बघत राहिली. मल्हार तिचा थोरला भाऊ. तो तर राजस्थानात होता, जैसलमेरच्या पलीकडं, वाळवंटात सूर्यावर वीज करणाऱ्या पाट्या बसवायच्या कामावर. घर सोडून त्याला दोन वर्षं होत आली होती. क्षणभर तिला वाटलं, धुक्यातनं चालत तो आलाय आणि खिडकीखाली उभा आहे. तिनं मान बाहेर काढून पाहिलं. खाली कुणी नव्हतं. वाडग्याच्या भिंतीवर आबा बसले होते, हातातल्या फोनकडं बघत.

आबांच्या हातातला फोन मल्हारचा होता, जुना, रिचार्ज कधीच संपलेला.

मग तिला एकेक आठवत गेलं. फायबर येण्याआधी, मल्हार घरी असताना, वस्तीवर मोबाईलवर बोलण्यापुरती रेंज असे, नेट असं नव्हतंच. एक वाडग्याची भिंत तेवढी उंचावर, तिथं यायचं. मल्हारला लॅपटॉपवर कोर्स करायचा असे. मग आबांना फोन घेऊन भिंतीवर बसवायचं आणि आपण मागल्या खिडकीशी बसायचं, अशी त्यानं युक्ती काढली होती. फोनमधनं नेट हवेत सुटायचं आणि लॅपटॉप ते धरायचा. आबा जरा हलले की खिडकीतनं हाक यायची, "आबा, हलू नका." आबा मेंढरांकडं पाठ करून तासन् तास तिथं बसत. मेंढरं त्यांच्या पाठीशी रवंथ करत.

पुढं आबांचा पाय मोडला. ते दवाखान्यात असताना मेंढरांकडं बघायला कुणी नव्हतं, आणि मल्हारनं कुणाला न विचारता सगळा कळप शिरूरकडच्या एका नातेवाइकाला देऊन टाकला. आबा काठी टेकत घरी आले तेव्हा वाडगं मोकळं होतं. ते ओरडले नाहीत, भांडले नाहीत. मल्हारशी बोलायचे मात्र थांबले. मल्हारनं ते काही दिवस सोसलं आणि राजस्थानचं काम धरलं. दौंड स्टेशनवर सोडायला धनश्री एकटीच गेली होती. गाडीत चढताना त्यानं पाठीवरची बॅग काढून लॅपटॉप तिच्या हातात दिला. "तुला लागंल," म्हणाला. फोन तर तो घरीच टाकून गेला होता, नवा घेतला होता त्यानं. आईला तो दर रविवारी फोन करी. आबा त्या वेळी गोठ्याकडं निघून जात.

धनश्री मागल्या दारानं बाहेर आली. गवतावरच्या दवानं चपला भिजल्या. आबांनी तिला येताना पाहिलं आणि भिंतीवर थोडं सरकून जागा केली.

"काय बघताय आबा?"

"बस की."

ती बसली. आबांनी फोन तिच्यापुढं धरला. चौथीपर्यंत शिकलेले आबा अक्षराला अक्षर लावून वाचत. पडद्यावर लिहिलं होतं, हॉटस्पॉट चालू, १ डिव्हाइस जोडलेले. त्या एकच्या आकड्यावर त्यांनी अंगठा ठेवला होता.

"ह्यो बघ," ते म्हणाले. "हाय जोडल्याला."

"कोन?"

"कोन म्हंजी? मल्हार."

 आबा बोलू लागले. त्यांचा आवाज हलका झाला होता, उन्हात बसलेल्या माणसाचा होतो तसा.

"त्यानंच सांगितलं व्हतं मागं. हितं आकडा दिसला की समजा आबा, मी जोडल्याला हाय. त्यो गेला तवा म्या ह्या फोनला हातबी लावला न्हवता. औंदा दिवाळी झाल्यावर असाच चालू केला, हितं येऊन बसलो, आन् बघतो तर एक. रोज येतो आता. न्याहारीनंतर येतो, दुपारच्याला येतो. ऐतवारी न्हाई येत. ऐतवारी सुट्टी असंल त्याला."

रविवारी धनश्री लॅपटॉप उघडत नसे.

"आबा, एवढ्या लांबनं येतं व्हय हे?" तिनं कसंबसं विचारलं.

"फोन येतो की तुझ्या आयला तिथनं. मग ह्ये न यायला काय झालं?"

"मग बोलता का त्याच्याशी?"

"बोलायचं काय त्यात," आबा म्हणाले. "हाय एवढं कळतं."

धुकं विरत चाललं होतं. उसाचे तुरे एकेक करून उजळत होते. धनश्री बराच वेळ त्यांच्याशेजारी बसून राहिली आणि मग आत आली.

तिनं राजश्रीला फोन लावला. राजश्रीनं सगळं ऐकून घेतलं. "जुनी ओळख हाय लॅपटॉपची," ती म्हणाली. "ते नाव आसपास आलं की तुझा राउटर सोडून त्याच्याकडं जातो. तुझ्या दादानं कवातरी तशी खूण करून ठेवली असंल. नावावर जा आन् 'फर्गेट' दाब. विसर म्हणायचं त्याला. संपलं."

"आन् आबांच्या फोनवरचा आकडा?"

"तो जाईल," राजश्री म्हणाली. "आबांचं काय करायचं ते मला न्हाई सांगता येणार, धने."

धनश्रीनं तो आठवडा ढकलला. आबा वाडग्याकडं निघाले की ती हात आवरून घेई, नेट जाऊ देई. खिडकीतनं त्यांच्याकडं बघत बसे. इतके दिवस तिनं त्यांना नुसतं पाहिलं होतं. आता कळत होतं की फोनकडं बघताना त्यांच्या तोंडावर जे असे ते हसू होतं. कधी ते फोन बाजूला ठेवून तंबाखू मळत, पण पडदा आपल्याकडं वळवून ठेवत. एखाद्या माणसाशेजारी बसावं, काही बोलू नये, आणि तेवढंच पुरावं, तसे ते बसत. धनश्रीला वाटे, आपण चोरून कुणाचं तरी पत्र वाचतोय, आणि पत्र आपल्यालाच आलेलं आहे.

पण काम साचत गेलं. सुषमा मॅडमनी पुन्हा फोन केला, यावेळी कमी बोलल्या. त्या सकाळी धनश्रीनं त्या नावावर जाऊन 'फर्गेट' दाबलं. मल्हार हे नाव यादीतनं गेलं.

न्याहारी करून आबा वाडग्यावर गेले. फोन चालू केला. धनश्री पडद्याकडं बघत रेघा ओढत राहिली. नेट दगडासारखं घट्ट होतं. एक शेत झालं, दुसरं झालं. मग तिच्यानं राहवेना आणि तिनं मान वर केली. आबा उठून उभे होते. फोन डोक्यावर धरून ते भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालत होते.

दुपारी ते परत गेले. दुसऱ्या दिवशी गेले. संध्याकाळी ताटावरनं अर्धी भाकरी टाकून उठले.

"त्याचा फोन आल्ता का?" त्यांनी आईला विचारलं. मल्हारचं नाव नाही घेतलं, पण दोन वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

"ऐतवारी आल्ता की," सखूबाई म्हणाली. "आवं, का?"

"काय न्हाई."

पुढच्या सकाळी ते मागल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. ती कामाला बसली की ते कधी त्या खोलीत येत नसत. पागोट्याचं टोक हातात धरलं होतं.

"धना, त्या राजस्थानात काय झालंय का बघ गं. आग लागली, वादळ झालं, काय बातमी हाय का. तुझ्या मशीनीत दिसंल न्हवं?"

धनश्रीनं लॅपटॉप उचलला. "चला आबा, बाहेर बसू."

वाडग्याच्या भिंतीवर दोघं बसली. तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला, आबांच्या फोनचं नाव शोधलं आणि त्याला पुन्हा जोडला. आबांच्या हातात आकडा उमटला. एक. आबांचे खांदे खाली आले.

"आला," ते म्हणाले.

धनश्रीनं लॅपटॉपचं नेट बंद केलं. आकडा गेला. चालू केलं. आकडा आला. आबा फोनकडं बघत होते, मग लॅपटॉपकडं, मग तिच्या हाताकडं.

"आबा, ह्यो दादाचा लॅपटॉप. जाताना मला देऊन गेला. तुम्हाला वाटलं कंपनीनं दिला. ह्यालाच तुमचा फोन वळखू येतो. त्यो आकडा म्हंजी मी व्हते."

आबांनी लॅपटॉपच्या पाठीवरनं हात फिरवला, जनावराच्या पाठीवरनं फिरवावा तसा, सावकाश, पुढून मागं.

"म्हंजी समदे दीस तू व्हतीस."

"व्हय."

"त्या खिडकीच्या आत."

"व्हय आबा."

"आन् मला वाटायचं, पोरगं लांब हाय पन येतंय रोज." ते उठले. तिच्याकडं न बघता उसाच्या सरीत शिरले. तुरे हलत गेले तसे ते कुठवर गेले ते दिसत राहिलं, मग दिसेनासं झालं.

आई मागल्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती.  धनश्री कामाला बसली खरी, पण रेघ सरळ येईना. आपण एका माणसाचा रोजचा सोबती काढून घेतला, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

ऊन कलल्यावर आबा परत आले. पागोट्यात उसाची पात अडकलेली. ते वाडग्याकडं गेले नाहीत. मागल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले आणि बराच वेळ तिच्या पाठीकडं बघत राहिले.

"दिसभर काय करतीस गं तू त्यात?"

धनश्रीनं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. डोंगरउतारावरची पायऱ्यांची शेतं अजून तशीच होती. आबा पुढं सरकले. धनश्रीनं एका पायरीभोवती रेघ ओढून दाखवली, मग दुसरीभोवती. आबांचे डोळे रेघेबरोबर बांधावरनं चालू लागले.

"मानसं दिसत न्हाईत?"

"लई वरनं काढल्यात. मानसं दिसत न्हाईत."

"मेंढरं?"

"तीबी न्हाईत."

 खिडकीतून गुऱ्हाळाचा गोड धूर आत आला. मग आबा म्हणाले, "मल्हारचा मुलूख दिसंल का?"

तिनं नकाशा उघडला. राहूवरनं तो वर उचलला गेला, नद्या दोऱ्यांएवढ्या झाल्या, आणि उत्तरेकडं सरकत सरकत तो एका पिवळ्या, कोरड्या विस्तारावर उतरला. मधोमध निळ्या-काळ्या ओळी होत्या, विणलेल्या घोंगडीच्या पट्ट्यांसारख्या.

"ह्या पाट्या. दादा ह्याच बसवतो."

"आन् भवतालचं?"

"पडीक."

आबांनी बोट पुढं केलं आणि त्या पिवळ्या रंगावर टेकवलं. "पडीक न्हाई. चराऊ हाय. ही बघ, वाटा पडल्यात." खरंच, निरखून पाहिलं तर बारीक रेघा होत्या, एकमेकींत मिसळत एका ठिपक्याकडं जाणाऱ्या. पाणवठा असावा. आबा त्यांच्याकडं बघत राहिले, फार वर्षांपूर्वी चाललेल्या एखाद्या वाटेकडं बघावं तसे.

"लावून दे त्याला," ते म्हणाले.

धनश्रीनं नंबर लावला आणि आपला फोन त्यांच्या कानाशी दिला. पलीकडं वारा होता, वाऱ्यात मल्हारचा आवाज, "हॅलो, धना?"

आबा वारा ऐकत राहिले.

"धना, येतंय का ऐकू?"

"मी हाय," आबा म्हणाले.

पलीकडं मल्हार आडोशाला गेला असावा, वारा कमी झाला. मग, "आबा."

"जेवलास?"

"न्हाई अजून. म्हंजी, जेवतो आता." मग तो घाईनं म्हणाला, "आबा, त्या टायमाला मी जे केलं—"

"ऱ्हाऊ दे. मेंढरं हाईत का रं तिथं?"

"हाईत की." आवाज एकदम बदलला. "पाट्यांच्या सावलीला गवात उगवतं, ते चारायला घेऊन येतात इथले लोक. तोंडं काळी हाईत, आबा. कानं खाली पडल्याली."

"पायानं उंच?"

"उंच. लई चालत्यात."

"लोकर?"

"हात लावून न्हाई बघितली कवा."

"मग दोन वर्सं करतोयस काय तिथं?" आबा म्हणाले, आणि आई चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसू लागली, का रडू लागली, ते धनश्रीला दिसलं नाही. "हात लावून बघ. मुळाशी दाट हाय का ते बघ. आन् घिऊन ये जराशी."

आबांनी हॉटस्पॉट पुन्हा चालू केला नाही, आणि धनश्रीचं नेट पुन्हा गेलं नाही. सुषमा मॅडमनी कौतुक वगैरे केलं नाही, तक्रारी थांबल्या एवढंच. खांबावरचा जोड बदलला म्हणून सगळं सुधारलं असं सतीश वस्तीवरच्या लोकांना सांगू लागला, आणि धनश्रीनं ते तसंच राहू दिलं. आबांचं वाडग्यावर बसणं थांबलं नाही. फरक एवढाच, आता ते रिचार्ज भरलेला फोन कानाला लावून बसत आणि खिडकीपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात मल्हारशी कळपाला मीठ कधी द्यावं यावर वाद घालत. कधी मध्येच उठून खिडकीशी येत आणि आज कुठला मुलूख आहे म्हणून विचारत.

होळी झाल्यावर मल्हार सुट्टीला आला. दौंड स्टेशनवर त्याला घ्यायला आबा आणि धनश्री दोघंही गेली होती. तो रापला होता, गालाची हाडं वर आली होती. उतरल्या उतरल्या त्यानं आबांच्या पाया पडायला वाकावं तर आबांनी त्याच्या हातातल्या पिशवीकडं बोट केलं.

पिशवीत लोकर होती. मळकट, पिवळसर, काट्याकुसळांनी भरलेली. आबा तिथंच बाकावर टेकले. चिमूटभर लोकर सोडवून त्यांनी नाकाशी धरली, मग अंगठा आणि बोटात धरून पीळ देत गेले. प्लॅटफॉर्मवरनं लोक सामान घेऊन धावत होते. कुणीतरी रिक्षा लागणार का म्हणून विचारून गेलं.

"राठ हाय," आबा म्हणाले. "ऊन लई खातं व्हय हे?"

मल्हार त्यांच्यापुढं उकिडवा बसला आणि सांगू लागला, तिकडं कातरायला कधी घेतात, कातरायच्या आधी कुठल्या तळ्यात धुतात. धनश्री मल्हारच्या बॅगा सांभाळत उभी राहिली. गाडी हलली, एकेक डबा समोरून गेला, शेवटचा डबाही गेला आणि पलीकडच्या रुळांवरचं ऊन दिसू लागलं. त्या दोघांनी अजून मान वर केली नव्हती.